पानिपत एकदा टेबलावर मांडून बघू या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बोर्डगेम कॅफेंवरचा लेख वाचला, छान होता, तरुण पोरं मोबाईल बाजूला ठेवून समोरासमोर बसून खेळतायत हे वाचून खरंच बरं वाटलं. पण त्यातल्या दोन गोष्टी काही केल्या पटल्या नाहीत म्हणून हे पत्र, आणि शेवटी पानिपताचा एक गेम काढायची सूचनाही आहे. लेखात म्हटलंय की पूर्वी बोर्डगेम म्हणजे ल्यूडो, सापशिडी नाहीतर व्यापार एवढंच होतं आणि डोकं लावून खेळायचे सिरीयस गेम गेल्या दहा-पंधरा वर्षांतच आले. आणि पुढे असंही आहे की रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र होऊन खेळायचे गेम, आधी कॉम्प्युटरवर आले आणि मग टेबलावर. दोन्ही गोष्टी बरोबर उलट्या आहेत, आणि तुमचा पेपर घराघरांत जातो, तेव्हा हे दुरुस्त व्हायला हवं असं मनापासून वाटतं.

सिरीयस बोर्डगेमचा काळ म्हणून बोट ठेवायचं झालं तर तो १९५८ ते साधारण १९८२, आणि जागा अमेरिका. मी ऐंशीच्या दशकात तिकडे शिकायला होतो, तेव्हा लाट ओसरायला लागलेली होती पण सेकंडहँड पुस्तकांच्या दुकानांत हे चपटे खोके स्वस्तात पडलेले असायचे, तिथून जी गोडी लागली ती अजून आहे, यातले बरेच गेम मी स्वतः खेळलोय.

मेरीलँडमधल्या चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५२ मध्ये 'टॅक्टिक्स' नावाचा गेम तयार केला आणि १९५४ पासून तो घरून पोस्टानं विकायला सुरुवात केली. दोन काल्पनिक देश आणि त्यांची लढाई. तोपर्यंत एका पाळीत एकच सोंगटी हलवायची हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की इथे एका पाळीत आपलं सगळं सैन्य हलवता येतं हेच नवलाचं होतं. साधारण दोन हजार प्रती खपल्या. मग १९५८ मध्ये त्यांनी अ‍ॅव्हलॉन हिल कंपनी काढली आणि अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरचा गेम आणला, म्हणजे खऱ्या तुकड्या, खऱ्या लढाईची जागा, आणि कुठली तुकडी रणांगणावर कधी पोचली त्याच्या वेळा. १९६१ पासून त्यांच्या नकाशांवर षटकोन आले, रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संरक्षण-संशोधन संस्थेच्या एका फोटोत रॉबर्ट्सना तसली जाळी दिसली होती. चौकोनी घरांत तिरकं गेलं की कमी घरांत जास्त अंतर कापलं जातं, षटकोनात सहाही बाजूंना अंतर सारखं राहतं, एवढी साधी गोष्ट, पण त्यानंतर निघालेल्या बहुतेक सगळ्या वॉरगेमनी, म्हणजे लढायांवरच्या गेमनी, तीच पकडली.

आता हे खेळायचं कसं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय मी एवढं का लिहितोय ते कळणार नाही. जाड पुठ्ठ्याचे अर्ध्या इंचाचे चौकोनी काउंटर असतात, प्रत्येकावर साधारण दोन आकडे, एक ताकदीचा आणि एक किती घरं चालू शकतो त्याचा. हल्ला करायचा म्हटलं की हल्लेखोरांची ताकद आणि बचाव करणाऱ्याची ताकद यांचं गुणोत्तर काढायचं, एकास एक, दोनास एक, तिनास एक, मग फासा टाकायचा आणि छापील कोष्टकात बघायचं काय झालं ते. एकास एक म्हणजे जुगार, तिनास एक म्हणजे बऱ्यापैकी खात्री पण शंभर टक्के नाही. आता तिनास एक जमवायचं तर दुसरीकडची फळी उघडी पाडावी लागते, आणि ती कुठली पाडायची इथे घाम फुटतो. शिवाय प्रत्येक तुकडीचा आजूबाजूच्या सहा घरांवर वचक असतो, शत्रूला माघार घ्यायला लागली आणि मागची घरं अशा वचकाखाली असली की बहुतेक गेममध्ये ती तुकडी संपलीच. म्हणजे वेढा का घालतात, नदीचा उतार, म्हणजे ती ओलांडायची जागा, धरून का बसतात, राखीव फौज हाताशी ठेवायची म्हणजे नक्की काय, हे कुणी लेक्चर न देता दोन तासांत कळतं. शाळेत इतिहासात सनावळ्या पाठ केल्या, पण अमक्या सेनापतीनं त्या दिवशी तसं का केलं असेल हा प्रश्न मला पहिल्यांदा या पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी पाडला.

आणि वर्तमानपत्राशी याचं एक नातं आहे ते तुम्हाला आवडेल. शेजारी खेळणारं कुणी नसायचं तेव्हा लोक पोस्टानं खेळायचे. अ‍ॅव्हलॉन हिलचं 'द जनरल' नावाचं मासिक १९६४ मध्ये सुरू झालं, त्यात प्रतिस्पर्धी पाहिजे अशा छोट्या जाहिराती भरभरून यायच्या. पण शेकडो मैलांवरचा माणूस फासा काय पडला ते खरं सांगेल कशावरून, तर यावर उपाय असा काढला की फासे टाकायचेच नाहीत, पुढच्या अमुक तारखेचे अमक्या कंपनीचे शेअर बाजारातले आकडे बघायचे आणि त्यातला शेवटचा अंक धरायचा. म्हणजे दोन वेगवेगळ्या गावांतली माणसं आपापला पेपर उघडून शेअरचं पान बघणार आणि त्यावरून फळी मोडली की टिकली ते ठरणार! पेपरमधल्या बारीक टायपाचा इतका विश्वासानं वापर दुसऱ्या कुठल्या छंदानं केला असेल असं मला वाटत नाही.

सत्तरचं दशक मात्र न्यूयॉर्कच्या एसपीआय या वॉरगेम काढणाऱ्या कंपनीचं. जिम डनिगन आणि रेडमंड सायमनसेन या दोघांनी १९६९ मध्ये 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' हे डबघाईला आलेलं मासिक घेतलं आणि प्रत्येक अंकात एक अख्खा गेम द्यायला सुरुवात केली. नकाशा, काउंटर, नियम आणि त्या लढाईवरचा लांबलचक अभ्यासपूर्ण लेख, सगळं पोस्टानं घरी, दर दोन महिन्यांनी. सायमनसेननी नकाशे आणि काउंटर इतके स्वच्छ, वाचायला सोपे केले की आजही डिझाईन शिकणाऱ्या मुलांनी ते बघावेत. अंकासोबत प्रश्नांचं कार्ड यायचं, पुढचा गेम कशावर हवा, हा कसा वाटला, आणि त्या उत्तरांवरून पुढचे विषय ठरायचे. वाचकाला इतकं मोजणारं मासिक मी तरी दुसरं बघितलं नाही.

या काळाबद्दल कुणी काही लिहिलं की एकच किस्सा फिरवला जातो, दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरचा १९७९ चा गेम, खेळून संपवायला दीड हजार तास लागतात म्हणे, आणि इटालियन सैनिकांना पास्ता उकळायला जादा पाणी द्यायचा नियम. तो नियम खरा आहे, पण त्या एका गेमवरून सगळ्यांना वेडं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. बहुतेक गेम एका संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारात संपायचे, वॉटर्लूवरचा एसपीआयचा छोटा गेम तर जेवण झाल्यावर बसलं तरी झोपायच्या आत उरकतो.

आता रोल-प्लेइंगचं. हे कॉम्प्युटरमधून आलं नाही, हे थेट लढायांच्या टेबलावरून आलं, आणि त्याची मुळं तर दोनशे वर्षं मागे प्रशियात जातात. १८१२ मध्ये फॉन राइसविट्झ यांनी प्रशियाच्या राजाला एक टेबल करून दिलं, त्यावर डोंगर-नद्यांच्या फरशा हव्या तशा मांडता यायच्या. त्याच्या आधी ब्रुन्सविकला हेलविग यांनी १७८० मध्ये केलेला युद्धखेळ तर सरळ बुद्धिबळ वाढवूनच केलेला होता, म्हणजे आपल्या चतुरंगाचा हा लांबचा नातू झाला, हत्ती, घोडा, रथ, पायदळ इथूनच निघालेला. राइसविट्झच्या मुलानं, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये खऱ्या नकाशांवर खेळायचे नियम छापले. त्यात सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे लिहून द्यायच्या, शत्रू तुम्हाला दिसत असेल तरच पंच त्याच्या सोंगट्या नकाशावर ठेवणार, नाहीतर तुम्ही अंधारात. प्रशियाच्या सैन्यानं हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला.

हाच पंच दीडशे वर्षांनी अमेरिकेत मिनेसोटामध्ये उगवला. १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावाभोवतीची लढाई मांडली, पण खेळायला माणसं जास्त आली, म्हणून त्यांनी उरलेल्यांना गावातल्या भूमिका दिल्या, एक महापौर, एक बँकर, एक विद्यापीठाचा कुलपती वगैरे, प्रत्येकाचा हेतू वेगळा. झालं असं की लढाई बाजूलाच राहिली, सगळे एकमेकांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजायला लागले, सौदे करायला लागले, कुणी द्वंद्वाला उभं राहिलं. वेस्लींना वाटलं सगळा विचका झाला, पण खेळणारे म्हणाले पुन्हा कधी! त्याच टोळक्यातल्या डेव्ह आर्नसन यांनी १९७१ मध्ये ब्लॅकमूर नावाचा काल्पनिक प्रदेश आणि त्याच्या वाड्याखालची तळघरं घेऊन ही कल्पना पुढे नेली, त्यात विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांचे मध्ययुगीन लढायांचे नियम वापरले, दोघं एकत्र आले आणि जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स निघाला. पहिल्या हजार प्रती, हातानं जुळवलेले खोके, आत तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर. आणि मुखपृष्ठावरच छापलंय की हे मध्ययुगीन अद्भुत वॉरगेम मोहिमांचे नियम आहेत, कागद-पेन्सिलनं खेळायचे. कॉम्प्युटरवरचे रोल-प्लेइंग गेम याची नक्कल करत करत आले, ज्या मुलांनी कॉलेजमध्ये हा खेळ खेळला त्यांनीच ते लिहिले. ते वीस बाजूंचे फासेसुद्धा सुरुवातीला शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवलेले होते, आणि नंतरच्या काही खोक्यांत फाशाबरोबर एक खडू यायचा, आकडे कोरलेले असायचे पण रंगवलेले नसायचे, ते आपण भरायचे.

आणखी एक गेम सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही तो म्हणजे डिप्लोमसी. अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५४ मध्ये तयार केला आणि १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चानं पाचशे प्रती काढल्या. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, फासा नाही, नशीब जवळजवळ नाहीच. आधी सगळ्यांनी आपसात बोलायचं, वचनं द्यायची-घ्यायची, मग गुपचूप हुकूम लिहायचे आणि एकदमच उघडायचे. कोण फिरला ते तेव्हा कळतं. मोहरे अगदी मोजके, पण मित्रावर किती विसंबायचं हे एवढ्या जवळून दाखवणारा दुसरा गेम नाही.

हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. मे १९४२ मध्ये जपानी आरमारानं पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या हल्ल्याची तालीम यामाटो युद्धनौकेवर टेबलावर घेतली. फाशांनी सांगितलं की अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि आकागी आणि कागा या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या. अ‍ॅडमिरल उगाकी यांनी ते फिरवलं, नऊचे तीन केले, आकागी वाचवली, आणि बुडालेली कागासुद्धा पुढच्या डावात परत आणली. महिन्याभरानं खऱ्या मिडवेत आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू चारही गेल्या. काही अभ्यासक म्हणतात की नऊ बॉम्ब हा आकडा तेव्हाच्या हिशोबानं जास्तच होता आणि उगाकींचं अगदीच चूक नव्हतं, असेल, पण आपण असे सापडलो तर काय करायचं हा प्रश्न टेबलावर आला होता आणि तो उचलून बाजूला ठेवला, हे मला फार मोठं वाटतं. दुसरी गोष्ट अलीकडची, २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला त्याच दिवशी पेंटागॉनमधून मार्क हर्मन यांना बोलावणं गेलं, कारण त्यांनी १९८३ मध्ये आखाती युद्धावर दुकानात मिळणारा एक बोर्डगेम केला होता आणि पहिले अंदाज बांधायला तोच हाताशी होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपण मराठी माणसं १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताबद्दल अडीचशे वर्षांहून जास्त काळ वाद घालतोय. भाऊंनी सूरजमल जाटाचं ऐकायला हवं होतं, बायकामुलं आणि बुणगे मागे ठेवायला हवे होते, विंचूरकर आणि गायकवाड जागा सोडून पुढे गेले नसते तर गारद्यांच्या तोफा चालू राहिल्या असत्या, मल्हारराव निघायला नको होते. दर संक्रांतीला तुमच्याच पेपरात यावर दोन तरी लेख येतात आणि खाली पत्रं येतात आणि सगळे आपापल्या जागी ठाम. कारण हे सगळं बोलण्यावरच राहतं, मांडून कुणी बघत नाही. वॉरगेमवाल्यांची पद्धत अशी की जर-तर बोलायचं नाही, तो जर नियमात घालायचा आणि पंचवीस वेळा खेळून बघायचं.

आणि मला विचाराल तर फक्त लढाईच्या दिवसाचा गेम करून उपयोग नाही, तो दिवस उजाडेपर्यंत बरंचसं ठरून गेलं होतं. गेम सुरू व्हायला हवा तो १७६० च्या उन्हाळ्यात, म्हणजे अवधचा नवाब शुजाउद्दौला कुणाकडे जाणार हे अजून ठरायचंय. तिथे डिप्लोमसीसारखं बोलणं आणि ब्राउनश्टाइनसारख्या भूमिका, एकजण सदाशिवरावभाऊ, एकजण अब्दाली, एकजण रोहिल्यांचा नजीबखान, एकजण शुजा, एकजण सूरजमल, एकजण मल्हारराव आणि एकजण गोविंदपंत बुंदेले, प्रत्येकाचा स्वार्थ वेगळ्या कार्डावर लिहिलेला, दुसऱ्याला न दिसणारा. मल्हाररावाला भाऊंचं सगळंच पटायला पाहिजे असं नाही, नजीबाला काहीही करून अब्दालीला हिंदुस्थानात अडकवून ठेवायचंय. मग यमुना. पावसाळ्यात ती उतरता येत नाही, ऑक्टोबरच्या शेवटी अब्दाली बागपतजवळ उतरतो, आणि हे मराठ्यांना कधी कळायचं ते पंचाच्या हातात, राइसविट्झच्या पंचासारखं. कुंजपुरा घ्यायला उत्तरेला गेलं की धान्य मिळतं पण दक्षिणेची वाट उघडी पडते, हा सौदा खेळणाऱ्यानं स्वतः करायचा. त्यानंतर दर आठवड्याला दाणावैरण मोजायची, गोविंदपंत दोआबात जिवंत आहेत तोवर शत्रूची रसद तोडता येते, डिसेंबरमध्ये ते पडले की नाही. उपासमारीनं काउंटरची ताकद उतरत जाते आणि मग उपाशी फौज घेऊन बाहेर पडायचं की अजून थांबायचं हा निर्णय कुणाला तरी हात थरथरत घ्यावा लागेल. भाऊंना नावं ठेवणाऱ्या माणसाला एकदा त्या खुर्चीत बसवा, मग तो जे बोलेल ते ऐकायला मला फार आवडेल.

शेवटी शेवटी लढाईचा नकाशा, डावीकडे इब्राहिमखान गारदी, मध्ये भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर, समोर उंटांवरच्या जंबुरक तोफा, आणि अब्दालीनं दुपारपर्यंत राखून ठेवलेली फौज. बुणग्यांना मध्ये घेऊन पुढे सरकायची गोलाची रचना मोडायची नाही असा नियम घालायचा नाही, ती मोडायचा मोह होईल अशी परिस्थिती ठेवायची. एवढं जमलं तर गेम जमला.

हे करायला पैसा फार लागत नाही. एसपीआयनं जे मासिकातून केलं ते आपल्याकडे दिवाळी अंक आरामात करू शकतात, शेकडो निघतात, एकानं तरी कथा-कविता-राशिभविष्याच्या जोडीला एक घडीचा नकाशा आणि कापून घ्यायच्या काउंटरचं जाड पान द्यावं. तुमच्या पेपराची मधली दोन जोडपानं उघडली तरी छोटा नकाशा मावतो, पुठ्ठ्यावर चिकटवून काउंटर मुलं घरी कापतील.

जुन्या खोक्यांबद्दलही सांगायचं होतं. एसपीआय १९८२ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्या टीएसआर कंपनीच्या ताब्यात गेली आणि जुन्या वर्गणीदारांची भरलेली वर्गणी नव्या मालकांनी धरली नाही, त्यानं फार लोक तुटले. अ‍ॅव्हलॉन हिल १९९८ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीला विकली गेली. मधल्या काळात किती गेम कायमचे बंद झाले. त्या काळी अमेरिकेत शिकायला, नोकरीला गेलेल्या मराठी लोकांपैकी काहींच्या माळ्यावर असले खोके नक्की असतील, ते रद्दीत देऊ नका एवढी विनंती तुमच्या पेपरातून पोचली तर बरं होईल. काउंटर कमी असले तरी चालतील, नियमांची पुस्तिका आणि नकाशा असला की बाकीचं करता येतं. शहरांतल्या मोठ्या ग्रंथालयांनी पुस्तकांसारखेच हे गेम ठेवून घ्यावेत, तिथेच टेबलावर बसून खेळायला द्यावेत.

संक्रांत जवळ आली की पानिपताचे लेख येतीलच. त्यांच्या जोडीला यंदा नकाशाचं एक पान देणार असाल तर १७६० च्या मोहिमेचे नियम मी विनामोबदला लिहून द्यायला तयार आहे, नकाशासाठी मात्र यमुनेचं तेव्हाचं पात्र आणि उतार माहीत असलेला कुणीतरी अभ्यासक लागेल, तो तुम्ही मिळवून द्यावा.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे